अर्ज कोणी भरावयाचा?

सुरत म्हटले की मराठी मनासमोर दोन चित्रे उभी राहतात. पहिले १६६४ आणि १६७० या सालांचे, शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांचे. दुसरे १९०७ च्या डिसेंबरातले. राष्ट्रसभेच्या अधिवेशनात लोकमान्य टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर निश्चल उभे आहेत, जोडा भिरकावला गेला आहे, खुर्च्यांची फेकाफेक सुरू आहे आणि राष्ट्रसभा मवाळ व जहाल अशा दोन गटांत दुभंगत आहे, असे ते चित्र. तो दिवस २७ डिसेंबरचा. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २८ डिसेंबर १९०७ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी एक हिंदी बॅरिस्टर न्यायासनासमोर आरोपी म्हणून उभा होता. त्याचा अपराध एवढाच की, ट्रान्सवाल सरकारने आशियाई लोकांवर लादलेल्या नोंदणीचा अर्ज त्याने भरला नव्हता. अठ्ठेचाळीस तासांत वसाहत सोडून चालते व्हा, असा हुकूम त्याला झाला. तो त्याने मानला नाही आणि १० जानेवारी १९०८ रोजी दोन महिन्यांची कैद पत्करली. त्या बॅरिस्टरचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

सुरतेच्या मंडपातील वादाचा इतिहास आपण पाठ केला. परंतु सुरतेच्या आणि एकूण पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून बाहेर पडलेल्या सामान्य माणसाने परक्या भूमीवर पाऊल ठेवताना जो कागद भरला, ज्या कागदावर त्याचे नशीब ठरले, त्या कागदाचा इतिहास आपण वाचलाच नाही. आज तो आठवण्याचे कारण असे की, हा प्रश्न संपलेला नाही. परदेशी जाऊ पाहणारा सुरतेचा तरुण असो, सिंधमधून जीव घेऊन गुजरातेत आलेल्या कुटुंबातील मुलगा असो किंवा खानदेशातून आणि ओडिशातून सुरतेच्या मागांवर राबायला आलेला पोरगा असो, प्रत्येकाच्या हाती कोणता ना कोणता अर्ज आहे, आणि तो भरून देणारा माणूस बहुधा दलाल आहे. अर्ज भरून देणे हे दलालाचे दुकान राहावे की समाजाची सेवा व्हावी, हा आमच्या आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

अर्जाची भिंत कशी उभारली जाते हे पाहावयाचे असेल तर १८९७ सालच्या नाताळ वसाहतीकडे पाहावे. हिंदी लोकांना मज्जाव करावयाचा, पण तसे कायद्यात उघडपणे लिहावयाचे नाही, असा पेच तेथील गोऱ्या राज्यकर्त्यांपुढे होता. त्यांनी तोड काढली ती मोठी धूर्त होती. देशप्रवेश निर्बंधाच्या कायद्यात त्यांनी एक अर्जाचा नमुना जोडला. आपले नाव, गेल्या बारा महिन्यांतील राहण्याचे ठिकाण, धंदा, जन्मस्थान आणि जन्माचे साल, एवढीच काय ती त्यातील माहिती. मात्र हा अर्ज उमेदवाराने स्वतःच्या हाताने, युरोपातील कोणत्या तरी भाषेच्या लिपीत लिहून दाखविला पाहिजे, अशी अट घातली. गुजराती वहीखात्यात लाखोंचे व्यवहार लिहिणारा वाणी या अटीपुढे निरक्षर ठरला. कायद्यात हिंदी माणसाचा उल्लेख नव्हता, रंगाचा नव्हता, धर्माचा नव्हता. उल्लेख होता तो केवळ अर्जाचा. पुढे ब्रिटिश साम्राज्यातील इतर वसाहतींनीही हीच युक्ती उचलली.

या भिंतीशी गांधीजींचा संबंध केवळ सत्याग्रही म्हणून आला नाही. जोहान्सबर्गमध्ये वकिली करीत असताना परवान्यांच्या कामांनी त्यांचे कार्यालय भरलेले असे. बोअर युद्धानंतर ट्रान्सवालमध्ये परत येऊ पाहणाऱ्या हिंदी लोकांना परवाना मिळेना. ज्यांचा हक्क होता ते सीमेवर तिष्ठत राहिले आणि शंभर शंभर पौंड मोजणारे आत आले, अशा तक्रारी त्यांच्याकडे येऊ लागल्या. गांधीजींनी पुरावे गोळा केले आणि आशियाई खात्यातील दोन अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. ज्यूरींनी त्यांना निर्दोष सोडले. तरी सरकारला त्यांना नोकरीतून काढावे लागले. शंभर वर्षे उलटली. पौंडांच्या जागी लाखांच्या नोटा आल्या, खिडकीच्या जागी संगणक आला, परंतु हक्काचा माणूस ताटकळतो आणि पैशाचा माणूस पुढे जातो, ही रीत काही बदलली नाही.

तरुणांच्या बाबतीत तर ही भिंत अधिकच निर्दय ठरते. त्याच ट्रान्सवालमध्ये छोटाभाई नावाच्या हिंदी व्यापाऱ्याचा मुलगा वडिलांच्या नोंदणीवर देशात आला होता. तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा कायद्याप्रमाणे त्याने स्वतःच्या नावाने नोंदणी मागितली. अधिकाऱ्याने ती नाकारली. बाप देशात, मुलगा देशाबाहेर, असा तो न्याय होता. खालची न्यायालये वडिलांच्या विरुद्ध गेली. अखेर १९११ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने मुलाच्या बाजूने कौल दिला. एका पोराच्या एका अर्जासाठी हिंदी समाज शेवटच्या पायरीपर्यंत लढला आणि त्यामुळे कितीतरी मुलांना मार्ग मोकळा झाला. सोराबजी शापूरजी अडाजणिया यांची कथाही तशीच आहे. या पारशी तरुणाचे आडनावच तापीकाठच्या अडाजण गावाची आठवण करून देणारे. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या सोराबजींनी १९०८ च्या जूनमध्ये सरकारला आगाऊ कळवून ट्रान्सवालमध्ये प्रवेश केला. शिक्षणाची अट पुरी करणारा हिंदी माणूस चालतो की नाही, ते एकदा सांगा, हा त्यांचा सवाल होता. सरकारचे उत्तर होते सक्तमजुरी.

याच लढ्यात १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या होळीचे स्मरण करणारे एक गोष्ट विसरतात. कागद जाळण्याचा अधिकार गांधीजींना प्राप्त झाला, कारण त्याआधी अनेक वर्षे त्यांनी लोकांचे कागद प्रामाणिकपणे लिहून दिले होते. कोणता अर्ज भरावयाचा, कोणता भरावयाचा नाही आणि भरलेल्या अर्जातील एकेका शब्दाची किंमत काय, हे त्यांना माहीत होते. अर्ज भरून देणे हे कारकुनी काम आहे, देशकार्य नव्हे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा.

आता आजच्या सुरतेकडे वळू. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख ६७ हजार वस्तीचे हे शहर बाहेरून आलेल्या माणसांच्या खांद्यावर उभे आहे. यंत्रमागांवर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा तरुण आहे, रंगाईच्या कारखान्यात उत्तर प्रदेश व बिहारचा आहे, आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडील आपल्या मराठी बांधवांची मोठी वस्ती आहे. सुरत महानगरपालिकेची एक गोष्ट मुक्तकंठाने वाखाणली पाहिजे. तिच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. बाहेरून आलेल्याच्या मुलाला त्याच्या भाषेत धडा शिकविला पाहिजे, हे ज्या शहराला कळले, त्या शहराला त्या मुलाच्या बापाचा अर्जही त्याच्या भाषेत समजावून द्यावा, हे कळणे अवघड नसावे.

ते न कळण्याचे परिणाम २०२० मध्ये साऱ्या देशाने पाहिले. टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली आणि एप्रिल महिन्यात सुरतेचे कामगार घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. मेच्या आरंभी श्रमिक गाड्या सुटू लागल्या. परंतु गाडीत बसण्याआधी नाव नोंदवावयाचे, यादीत बसावयाचे आणि आपल्या राज्याची संमती यावयाची. आपल्याच देशात, आपल्याच गावी जाण्यासाठी मजुराला जणू परदेशगमनाचा अर्ज करावा लागला! ज्याच्या मोबाइलमध्ये फॉर्म उघडत नव्हता, ज्याचे नाव आधारवर एक आणि हजेरीपटावर दुसरे होते, तो मागे राहिला. अशा वेळी मजुरांना उपयोगी पडल्या त्या आधीपासून त्यांच्यात राबणाऱ्या संस्था. उदयपूर येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आजीविका ब्युरोने स्थलांतरित मजुरांना ओळखपत्र मिळवून देणे, मजुरीचे दावे लिहून देणे अशी कामे वर्षानुवर्षे केली आहेत आणि सुरतेतही ती संस्था काम करीत आहे. संकटात धावून जाणे थोर आहेच, परंतु संकट येण्याआधी कागद नीट करून ठेवणे हे त्याहून अधिक उपयोगाचे आहे.

हे झाले येणाऱ्यांचे. जाणाऱ्यांची कथा अधिक दारुण आहे. गेल्या काही वर्षांतील घटना क्रमाने पाहाव्यात. १९ जानेवारी २०२२ रोजी कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर बर्फात गोठून गुजरातमधील एका कुटुंबातील चौघे गेले. त्यांत दोन मुले होती. २०२३ च्या डिसेंबरात निकाराग्वाकडे निघालेले ३०३ प्रवाशांचे विमान फ्रान्समध्ये अडविले गेले आणि त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरतेचा एक तरुण रशियाच्या युद्धभूमीवर मारला गेला. सैन्यात मदतनिसाचे काम आहे, असे सांगून त्याला नेण्यात आले होते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने परत धाडलेले १०४ भारतीय अमृतसरला उतरले. त्यांत ३३ जण गुजरातचे होते. या सर्व प्रकरणांत गरिबी, महत्त्वाकांक्षा, देखादेखी अशी कारणे पुष्कळ दाखविता येतील. परंतु या मुलांच्या आणि परदेशाच्या मध्ये दर वेळी कोणी तरी कागद रंगविणारा बसला होता, हे विसरून चालणार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर अडलेल्या हरीने लांडग्याचे पाय धरले.

आणि गंमत अशी की, सरळ मार्ग अस्तित्वातच नाही असे नव्हे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीला माणसे पाठविणाऱ्या प्रत्येक एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्याने उमेदवाराकडून किती सेवाशुल्क घ्यावे याची मर्यादा ठरलेली आहे. ती तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढीच आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर विशिष्ट शेरा असतो आणि आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी म्हणजे अडथळा नव्हे. करार काय, पगार काय, विमा आहे की नाही, हे पाहणारी ती शेवटची सरकारी नजर आहे. दलाल नेमकी हीच नजर चुकवितो. तो तरुणाला पर्यटकाच्या व्हिसावर विमानात बसवितो आणि त्या क्षणी तरुण कायद्याच्या छत्राबाहेर जातो. शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती तर आणखी बिकट आहे, कारण हा कायदा नोकरीपुरता आहे. विद्यार्थ्यांचे अर्ज भरणारे सल्लागार त्याच्या कक्षेत येत नाहीत. पंजाबने २०१२ मध्ये अशा व्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदा केला. एवढी होरपळ झाल्यावर इतर राज्यांनीही त्या वाटेने जावयास नको काय?

आता निर्वासितांचा प्रश्न. येथे भावना फार तापतात, म्हणून शब्द जपून वापरले पाहिजेत. आपल्या देशाने निर्वासितांसंबंधीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार मान्य केलेला नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा असा कायदाही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. नियम यावयास ११ मार्च २०२४ उजाडला. त्या वर्षी १८ ऑगस्टला अहमदाबादेत १८८ जणांना नागरिकत्वाची प्रमाणपत्रे देण्यात आली. त्याच ऑगस्टच्या अखेरीस आमच्या गोव्यातही कासावली येथील एका ७८ वर्षांच्या ख्रिस्ती गृहस्थांना या कायद्याखाली नागरिकत्व मिळाले. गोव्यातच जन्मून मुक्तीपूर्वीच्या काळात कराचीला गेलेल्या आणि पाकिस्तानी ठरलेल्या माणसाला आपल्याच मातीचे नागरिकत्व मिळण्यासाठी म्हातारपण गाठावे लागले.

या वृद्ध गृहस्थांचे निभावले. परंतु आज विशीत असलेल्यांचे काय? समजा, सिंधमधील एखादा मुलगा आईबापांबरोबर २०१७ साली गुजरातेत आला. तो ३१ डिसेंबर २०१४ नंतर आला म्हणून दुरुस्ती कायद्याचा मार्ग त्याला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने काढलेल्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळाच्या भयाने आलेल्या या सहा समाजांच्या लोकांवर पासपोर्ट वा व्हिसा नाही म्हणून कारवाई होणार नाही, एवढा दिलासा मिळाला. पण दिलासा म्हणजे नागरिकत्व नव्हे. या दोन तारखांमधल्या दहा वर्षांच्या पोकळीत हा मुलगा उभा आहे. त्याने दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज वेळेवर करावयाचा, त्याची मुदत वाढवून घ्यावयाची आणि नागरिकत्वासाठी जुन्या कलमांची वाट धरावयाची. हे त्याला कोण सांगणार? पहलगामच्या हत्याकांडानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचा व्हिसा हाती असलेल्या हिंदू कुटुंबांना धक्का लागला नाही. ज्यांनी तो अर्ज वेळेवर केला नव्हता, त्यांच्या घरी त्या रात्री कोणाला झोप लागली असेल? एका कागदाचे मोल काय, ते त्या रात्री कळले.

ज्यांना २०१९ च्या कायद्याचा लाभ आहे, त्यांचीही वाट निष्कंटक नाही. अर्ज संगणकावर करावयाचा. मूळ देशाचा आणि भारतात आल्याच्या तारखेचा पुरावा जोडावयाचा. स्थानिक सामाजिक संस्थेचे प्रमाणपत्र आणावयाचे. मग टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीसमोर कागद पडताळावयाचे आणि निष्ठेची शपथ घ्यावयाची. सिंधीत लिहिलेले नाव उर्दूत एक होते, इंग्रजीत दुसरे आणि गुजरातीत तिसरे. बापाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टावर एक. हा फरक प्रतिज्ञापत्राने आधीच समजावून सांगितला, तर अधिकारी समजून घेतो. लपविला, तर तोच फरक फसवणूक ठरतो. दलाल लपवावयास शिकवितो. सज्जन मदतनीस सांगावयास शिकवितो. दोघांत फरक आहे तो एवढाच, आणि माणसाचे आयुष्य त्या फरकावर तरते किंवा बुडते.

येथे दोन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. पहिला असा की, आपल्या तरुणांनी परदेशी जावे यासाठी आपणच मदत का करावयाची? दुसरा असा की, परक्यांचे अर्ज भरून देणे म्हणजे घुसखोरांना वाट करून देणे नव्हे काय? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तरुण जाणारच आहे. या किनाऱ्याने समुद्राकडे पाठ कधी फिरविली होती? प्रश्न फक्त एवढाच की, तो सन्मानाने जाईल की लष्करी विमानातून हातकड्या घालून परत येईल. दुसऱ्या आक्षेपात देशहिताची चिंता आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. कोणास आश्रय द्यावा, कोणास नागरिकत्व द्यावे, हे ठरविणे राज्याचे काम आहे. अर्ज लिहून देणारा न्यायाधीश नव्हे. त्याचे काम एकच, अर्जातील प्रत्येक शब्द खरा असावा. खोट्या जन्मदाखल्यावर, खोट्या पत्त्यावर, खोट्या आधारवर ज्यांनी या देशात बस्तान बसविले, त्यांना ते कागद कोणत्या सेवाभावी संस्थेने करून दिले होते? ते दलालांनीच दिले. म्हणून खऱ्या अर्जाला मदत करणारा माणूस देशाच्या सीमेचा पहारेकरीच असतो. आणखी एक. जीव वाचविण्यासाठी दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे आणि मग गाव विचारावे, ही आपली रीत आहे. त्याची जात आणि धर्म पाहून दुसऱ्याचा कागद भिरकावून देणारा मदतनीस आम्हास नको आहे. निर्णय कायद्याने व्हावा. परंतु अर्ज नीट लिहून मिळण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे.

सुरतेचे हे सर्व पुराण गोव्याच्या नि कोकणच्या वाचकांसमोर का मांडले, असे कोणी विचारील. कारण हे दुखणे आमच्याही अंगणात आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. त्या मार्गाने दमण आणि दीवचे तरुण इंग्लंडात पोहोचले, तसे साळसेत नि बार्देशचेही पोहोचले. यात बेकायदा काही नाही. परंतु परके नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते, ही मूळ गोष्ट कित्येकांना अर्ज भरणाऱ्याने सांगितलीच नव्हती. २०२२ च्या अखेरीस नियम कडक झाले, पासपोर्ट परत करण्याऐवजी रद्द होऊ लागले आणि ओसीआय कार्ड मिळण्याची वाट बंद झाली. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखला ग्राह्य धरण्याचा खुलासा केला, तेव्हा अनेकांचा जीव भांड्यात पडला. मधल्या काळातील घालमेल ज्यांनी सोसली त्यांना विचारा, अर्ज भरणे हे किरकोळ काम आहे काय!

वस्तुतः ही सेवा आपल्याला नवी नाही. मुंबईत गोवेकरांच्या गावागावांच्या कुडी होत्या. गावाहून आलेला पोरगा बोटीवर नोकरी लागेपर्यंत तेथे राही. कोणत्या कचेरीत जावयाचे, कोणता दाखला लागतो, साहेबापुढे काय बोलावयाचे, हे सारे त्याला कुडीतले जुने खलाशी सांगत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या गावकऱ्यांनी गिरणगावात अशाच खोल्या घेतल्या होत्या. चार बुके शिकलेला एखादा मास्तर रविवारी त्या खोलीत बसून सर्वांची पत्रे, मनिऑर्डरी आणि अर्ज लिहून देई. त्याबद्दल त्याने पैसा घेतल्याचे कोणी ऐकले नाही. तो मास्तर गेला आणि त्याच्या खुर्चीवर एजंट येऊन बसला. आम्हास ती खुर्ची परत हवी आहे.

हे कसे करता येईल? प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात वा पंचायतीत आठवड्यातून एक दिवस अर्जसेवेचे टेबल मांडावे. निवृत्त शिक्षक, टपाल व बँक कर्मचारी, विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी यांनी तेथे आळीपाळीने बसावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि माणसांच्या व्यापाराला बळी पडलेले यांना मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क दिला आहे. जिल्हा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित स्वयंसेवकही असतात. त्यांची जोड या टेबलाला मिळावी. सुरतेसारख्या शहरात हे टेबल मराठीत, ओडियात, सिंधीत आणि हिंदीत बोलणारे असावे. नियम चारच असावेत. अर्जदाराच्या भाषेत त्याला संपूर्ण अर्ज वाचून दाखविल्याखेरीज त्याची सही घेऊ नये. मूळ कागद एक रात्रही ठेवून घेऊ नये. भरलेल्या अर्जाची प्रत अर्जदाराच्या हाती द्यावी. आणि ज्याने अर्ज लिहिला त्याने आपले नाव त्या प्रतीवर लिहावे. दलाल आपले नाव कधी लिहीत नाही, ही त्याची ओळख आहे.

सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना नोंदणीची सक्ती करावी, नोंदणी झालेल्या एजंटांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या आणि महाविद्यालयाच्या फलकावर लावावी, नागरिकत्वाच्या प्रलंबित अर्जाचा निकाल किती दिवसांत द्यावयाचा त्याची मुदत बांधून द्यावी. अर्जात त्रुटी असेल तर तो फेकून न देता त्रुटी कोणती, ते अर्जदाराला समजेल अशा भाषेत कळवावे. यासाठी तिजोरी रिकामी करावी लागत नाही. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाने बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा मान वर करून पाहावे लागते, इतकेच.

नाताळच्या राज्यकर्त्यांनी अर्जाचा कागद माणसाला अडविण्यासाठी तयार केला होता. ते राज्य गेले, तो कायदा गेला, तरी आपण आपल्याच मुलांना आणि आपल्या आश्रयाला आलेल्यांना तसाच कागद हाती देऊन रस्त्यावर सोडीत असू, तर स्वातंत्र्याने त्यांना काय दिले? या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आज वाचता लिहिता येणारी माणसे आहेत. त्यांनी आठवड्याचे दोन तास दिले तर कोणा तरुणाचे घर वाचेल, कोणाचा जीव वाचेल. वाचनालयांच्या आणि पंचायतींच्या चालकांनी येत्या रविवारीच एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडाव्यात. बाकीचे काम लेखणी करील.